मावतंय का, अण्णा?

आमचे नरसिंगराव अण्णा कॉफी पिण्याआधी भांडं मोजतात. नजरेने नव्हे, पाणी ओतून.

व्हाइटफील्डला आमच्या ऑफिससमोर एक दर्शिनी आहे, उभ्याने खायची. तिथे कॉफी स्टीलच्या पेल्यात येते आणि पेल्याखाली निववायला एक खोलगट वाटी असते. मी पहिल्यांदा अण्णांबरोबर गेले तेव्हा त्यांनी रिकामा पेला मागून घेतला, नळाखाली काठोकाठ भरला आणि ते पाणी वाटीत ओतलं. वाटी भरली, पाणी काउंटरवर आलं, तिथून माझ्या नव्या सँडलवर. मागे रांग लागलेली. अण्णा काउंटरवरच्या माणसाला शांतपणे कन्नडमध्ये म्हणाले, पेल्यातलं सगळं वाटीत मावत नाही, मग लोक ओततात ते कशाच्या भरवशावर? तो म्हणाला, "सरी सार," म्हणजे बरं साहेब, आणि पुढच्याचं कूपन घेतलं. त्याला हे रोजचंच होतं, हे मला नंतर कळलं.

मी गौरी, पुण्याची. नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि एका छोट्या कंपनीत टिकले. आम्ही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी पेटी बनवतो. पेटी भिंतीवर, तिचं बटण गळ्यात. माणूस पडला, छातीत दुखायला लागलं, की बटण दाबायचं. मग पेटी नेटवरून आमच्या सर्व्हरकडे एक विचारणा पाठवते. कुणाकुणाला कळवायचं त्यांची नावं, नाती, नंबर, सगळं त्या विचारणेत असतं. सर्व्हर त्या सगळ्यांना एकदम फोन लावतो आणि पेटीतूनच बोलता येतं. ही नावं पेटीतच ठेवायची, सर्व्हरवर साठवायची नाहीत, हा अण्णांचा हट्ट. "लोकांची माणसं आपल्याकडे कशाला?" असं ते म्हणतात. पेटीतला प्रोग्रॅम सी भाषेत आहे आणि तो सगळा अण्णांनी लिहिलाय. मी त्या टीमची लीड, म्हणजे कागदोपत्री अण्णा माझ्या हाताखाली. हे वाक्य मी त्यांच्यासमोर उच्चारायची हिंमत अजून केलेली नाही.

अण्णा मूळचे इथल्याच जयनगरचे, निवृत्तीचं वय कधीच ओलांडलेले. माझ्या मराठीत त्यांना सारखं काहीतरी खुपतं. "आमची मराठी इथे येऊन साडेतीनशे वर्षं झाली. तुझी काल रात्रीच्या बसने उतरली," असं मला सुनावतात आणि लगेच "स्वल्प सरक" म्हणून माझ्याच खुर्चीवर बसतात.

सी भाषेचा एक स्वभाव सांगितल्याशिवाय अण्णा कळायचे नाहीत. तिच्यात मजकूर ठेवायचा तर आधी जागा आखून घ्यावी लागते. त्या जागेला म्हणतात बफर. तुम्ही अडीचशे अक्षरांची जागा आखली आणि तीनशे अक्षरं ओतलीत, तर सी तुम्हाला अडवत नाही. वरची पन्नास शेजारच्या जागेत जाऊन पडतात, तिथे जे काही ठेवलं असेल त्याच्यावर. मग यंत्र काय करेल ते देवाला ठाऊक. कधी काहीच होत नाही आणि कधी सगळं बंद पडतं.

तर सी अडवत नाही म्हणून अण्णा अडवतात. "आधी जागा बघ" हे त्यांचं पालुपद. जागा किती हे न विचारता मजकूर ओतत सुटणारी काही जुनी फंक्शनं आहेत, त्यांना ते 'आंधळी' म्हणतात. आमच्या प्रोग्रॅममध्ये कुणी आंधळं फंक्शन वापरलं, की अण्णा ओरडत नाहीत. पाण्याचा जग घेऊन त्याच्या टेबलाशी येतात आणि त्याच्या चहाच्या कपात हळूहळू पाणी ओतायला लागतात. तो ओरडेपर्यंत ओततात. मग म्हणतात, "तू निदान ओरडलास." आणि जातात.

मुलाखतीतही त्यांचा एकच प्रश्न. डबा चार पोळ्यांचा, आईने केल्या सहा, काय करशील? कुणी म्हणतं मोठा डबा आणीन, कुणी म्हणतं दाबून बसवीन. दाबून बसवणाऱ्यांना अण्णा तिथेच हात जोडतात. एकजण म्हणाला, आईला विचारीन की दोन कुणासाठी आहेत. त्याला घ्या म्हणून अण्णा आठवडाभर मॅनेजरच्या मागे लागले होते. मॅनेजरचं आणि त्यांचं फारसं जमत नाही, कारण आठ खुर्च्यांच्या मीटिंगरूममध्ये नववा माणूस आला की अण्णा त्याला बाहेर थांबवतात आणि एकदा तो नववा माणूस मॅनेजरच निघाला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग सावित्रीअक्का पडल्या.

सावित्रीअक्का जयनगरलाच एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे, घराणं अण्णांसारखंच इथलं जुनं मराठी. भर दुपारी स्वयंपाकघरात घसरल्या. गळ्यातलं बटण दाबलं. पेटीचा दिवा लाल झाला, मग विझला, मग हिरवा झाला. हिरवा म्हणजे सगळं ठीक. कुणालाही फोन गेला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. कुकरच्या शिट्ट्या थांबेनात म्हणून वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या, तेव्हा अक्का फरशीवर होत्या, मनगट मोडलेलं, बटण मुठीत.

त्यांची मुलगी वसुधाताई नागपूरला शिकवतात. त्या धावत आल्या, आईला प्लास्टर घालून घेतलं, रजा होती तितकी राहिल्या. त्यांच्या परतीच्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

"मॅडम, संध्याकाळचं विमान आहे. मी गेले की आई एकटी. आमच्याकडे नागपूरला यायला ती तयार नाही, घर सोडायचं नाही म्हणते. मला फक्त एवढं सांगा, ही पेटी चालणार आहे की नाही? चालणार असेल तर जाते. नसेल तर तिला उचलून घेऊन जाते, मग ती माझ्याशी जन्मभर बोलली नाही तरी चालेल."

मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "अरे, बोल दो नेटवर्क का इश्यू था, अब ठीक है." मी मागे वळून पाहिलं तर अण्णांची खुर्ची रिकामी होती. ते लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून लिफ्टपाशी उभे होते.

गाडीत एरवी ते ड्रायव्हरला डिकीत किती बॅगा मावतात हे विचारल्याशिवाय राहत नाहीत. त्या दिवशी त्यांनी बॅगांचा विषयही काढला नाही. मीच एकदा म्हटलं, "अण्णा, नेटवर्कही असू शकतं." ते म्हणाले, "असू दे की. नसलं तर?"

अक्कांच्या घरी दारातच वसुधाताईंची भरलेली बॅग होती. अक्का खुर्चीत बसलेल्या, हात गळ्यात बांधलेला, पण सगळी सूत्रं हातात. "आधी खाऊन घ्या, मग शोधा," त्यांनी फर्मावलं. अण्णा म्हणाले, "अक्का, काम झाल्याशिवाय माझ्या घशाखाली जायचं नाही." आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

पेटी भिंतीवर छान हिरवी दिसत होती. अण्णांनी सांगितलं, "दाबा." अक्कांनी दाबलं. लाल. वसुधाताई हातातल्या फोनकडे बघत राहिल्या. फोन गप्प. दिवा विझला, एक क्षण काहीच नाही, मग पुन्हा हिरवा.

"बघितलंत?" वसुधाताई म्हणाल्या. "अशी हसून दाखवते ती."

अण्णांनी वायर जोडली. पेटीचा अडॅप्टर बदलून पाहिला. लाल, काळा, हिरवा. मग घरचं वायफाय काढून माझ्या फोनवरून नेट दिलं. लाल, काळा, हिरवा. म्हणजे नेटवर्क नव्हतं. मला एरवी वाटलं असतं, बरं झालं, एक शंका मिटली. पण त्या वेळी वाटलं, नेटवर्क असतं तर किती बरं झालं असतं. वसुधाताई दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघायच्या आणि मग आईकडे.

पेटीतून निघणारी विचारणा स्क्रीनवर जशीच्या तशी दाखवायची सोय अण्णांनी केलेली होती. पण अक्कांची पेटी विचारणा बांधून व्हायच्या आतच मरत होती आणि नव्याने सुरू होत होती, त्यामुळे दिसायचं काहीच नाही. अण्णा पुटपुटत होते, "ऑफिसात सगळ्या पेट्यांवर चालतंय. सगळ्यांवर चालतंय."

"मग चालणारी एक आणू या ना," मी म्हटलं. "दोन्ही शेजारी ठेवून बघू काय फरक आहे. ऑफिसातली आणायला संध्याकाळ होईल. तुमच्या घरी एक आहे की. तुम्हीच तर सांगता, पहिली पेटी माझ्याच भिंतीवर लागली, एकदाही फेल गेली नाही. इथून तुमचं घर दोन गल्ल्या सोडून."

अण्णांनी मान वर केली नाही. "माझी बेडा."

"का?"

"ती नको. दुसरं काही बघू."

आता मात्र माझं डोकं फिरलं. एक बाई दारात बॅग घेऊन उभी, एक म्हातारी हात मोडून बसलेली आणि ह्यांना स्वतःची पेटी द्यायला जड जातंय. मी म्हटलं, "अण्णा, वेळ नाहीये. तुम्ही आणताय की मी कुलूप तोडून आणू?" अक्का म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलतेय हो." अण्णा उठले, चपला घातल्या, गेले. मला वाटलं, अहंकार. आपल्या पेटीची तपासणी होणार म्हणून राग आला असेल.

पेटी घेऊन आले तेव्हा ती त्यांनी टेबलावर ठेवली खरी, पण वायर जोडायला इतका वेळ लावला की शेवटी मीच जोडली. बटण दाबलं. लाल. आणि विचारणा निघाली, व्यवस्थित, पूर्ण. स्क्रीनवर एकच ओळ आली. दाबणाऱ्याचं नाव, नरसिंगराव. कळवायचं कुणाला, नरसिंगराव. नातं, स्वतः. पुढे नंबर. तो नंबर मला तोंडपाठ होता.

लगेच अण्णांच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्यांनी तो न बघता बंद केला.

वसुधाताईंनी ती ओळ वाचली होती, मला दिसलं. त्यांनी पटकन नजर दुसरीकडे नेली. मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण थांबायला वेळ नव्हता, आणि अण्णाही थांबले नाहीत. "टेस्टिंगला घातलंय ते," एवढं म्हणाले. मग त्याच सुरात, "वसुधाताई, अक्कांच्या पेटीत किती नावं आहेत?"

वसुधाताईंनी फोनवरचं आमचं ॲप उघडलं. "पेटी बसवली तेव्हा माझं एकच होतं. मग एकेकाने आपापलं घातलं. अकरा." आणि त्या वाचायला लागल्या. नावंही कशी, तर इकडची, आधी गाव, मग वडील, मग स्वतः, मग राव. हासनचे भाचे, म्हैसूरच्या नणंदबाई, हुबळीचा पुतण्या, न्यू जर्सीची नात, वरच्या मजल्यावरच्या बाई. अण्णा बोटांवर अक्षरं मोजत होते. सहाव्या नावावर त्यांची बोटं थांबली.

"मावत नाही," ते म्हणाले.

"पण तुम्ही तर जागा तपासता," मी म्हटलं. "प्रत्येक ठिकाणी. तुम्हीच."

त्यांनी प्रोग्रॅम उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मग मला समजावलं, एखाद्या परक्याची चूक सांगावी इतक्या कोरडेपणाने.

"हे फंक्शन आंधळं नाही, शहाणं आहे. मी त्याला सांगतो, चाळीस अक्षरांची जागा उरलीय. ते चाळीसच्या वर एक अक्षर लिहीत नाही. पण परत येऊन मला आकडा सांगतं तो साठ. कारण त्याला साठ लिहायची होती. किती लिहिलं हे ते सांगत नाही, किती लिहायला लागलं असतं हे सांगतं. आणि मी तो साठ खरा धरून साठ घरं पुढे सरकलो."

"म्हणजे डब्याच्या बाहेर."

"बाहेर. मग उरलेली जागा काढली, ती आली उणे वीस. त्या आकड्याला उणे माहीत नाही. तो म्हणतो, चारशे कोटींच्या वर जागा शिल्लक आहे." त्यांनी चष्मा काढला. "मग काय, बाकीचे पाहुणे घरभर बसले."

जी ओळ लिहिताना माणसाला वाटतं की आपण सगळी काळजी घेतली, तिथेच हे झालं होतं. टीमची लीड म्हणून मला विचारावंच लागलं, "ही ओळ कुणाची?"

"माझी."

"ऑफिसात कशी सापडली नाही?"

उत्तर मलाच सापडलं आणि सापडल्यावर बरं वाटलं नाही. आमच्या ऑफिसात टेस्टिंगला प्रत्येकजण स्वतःचीच खरी नावं घालतो. आई, बाबा, संपलं. फार तर रूममेट. आम्ही सगळे पुण्याहून, नागपूरहून, कुठून कुठून आलेलो. ह्या शहरात हाक मारली तर धावत येतील अशी अकरा माणसं आमच्यातल्या कुणापाशीच नव्हती. अण्णांपाशी तर... ते आत्ताच बघितलं होतं. पेटी फक्त त्यांच्याच घरी मरत होती ज्यांच्याकडे माणसं भरपूर होती.

तेवढ्यात विमानतळाच्या गाडीवाल्याचा फोन आला. वसुधाताई त्याला थांब म्हणाल्या. मी म्हटलं, "तात्पुरतं करू या. चार नावं ठेवा, बाकीची काढा. आत्ता चालेल, उद्या मी नवीन प्रोग्रॅम पाठवते."

"कुणाचं काढू?" अक्का म्हणाल्या.

"कुणाचंही, अक्का. आजच्यापुरतं."

"म्हैसूरवालीचं काढलं तर ती वर्षभर तेच ऐकवेल. हुबळीच्या पोराची आई गेली तेव्हा मी त्याला वाढवलं, त्याचं काढू? मी मेले की काढा सगळ्यांची. तोवर कुणाचं काढायचं नाही."

मी अण्णांकडे बघितलं, निदान ते तरी समजावतील म्हणून. अण्णा म्हणाले, "अक्का बरोबर आहेत. चूक माझ्या ओळीत आहे, त्यांच्या नातेवाइकांत नाही." आणि टाइप करायला लागले.

दुरुस्ती लहानच होती, पण त्यांनी ती घाईने केली नाही. फंक्शनने सांगितलेला आकडा उरलेल्या जागेशी ताडून बघायचा. मावत नसेल तर अर्धवट नाव पाठवायचं नाही. ते नाव बाजूला ठेवायचं, झालेली विचारणा पाठवून द्यायची आणि त्या नावापासून दुसरी विचारणा सुरू करायची. मी शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचत होते. दोनदा म्हटलं, "अण्णा, गाडी उभी आहे." दोन्ही वेळा ते म्हणाले, "असू दे उभी." त्यांच्या कपाळावर घाम होता आणि पंखा तर फिरत होता. गाडीवाल्याचा पुन्हा फोन आला. ह्या वेळी वसुधाताईंनी उचललाच नाही.

नवा प्रोग्रॅम अक्कांच्या पेटीत गेला. हिरवा. अण्णा उठून उभे राहिले. "दाबा, अक्का."

लाल. दिवा लालच राहिला. वसुधाताईंचा फोन हातात वाजला. छतातून वरच्या मजल्यावरचा फोन ऐकू आला. मग पेटीतून आवाज यायला लागले. "काय झालं अक्का?" "अक्का, पडलीस का गं?" "आजी?" हे शेवटचं न्यू जर्सीहून, झोपेतलं. वसुधाताई एकेक आवाज ओळखून बोटं मिटत होत्या.

"दहा," त्या म्हणाल्या. "हुबळी नाही."

सगळे पेटीकडे बघत राहिलो. आतले लोक एकमेकांनाच काय झालं म्हणून विचारत होते. अण्णांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला वाटलं, गेलं, एक नाव अजूनही कुठेतरी अडलं. वसुधाताईंची नजर बॅगेकडे गेली आणि मग आईच्या कपड्यांच्या कपाटाकडे.

"मोठ्याई?" पेटीतून धापा टाकत एक पुरुषी आवाज आला. "गाडीवर होतो. पडलीस का? निघू का?"

"काही निघू नकोस," अक्कांनी दटावलं. "मशीन तपासतायत. ठेवा सगळ्यांनी." कुणीही ठेवला नाही. म्हैसूरच्या बाईंनी हासनच्या भाच्याला विचारलं, इतक्या दिवसांत एक फोन करता आला नाही का, आणि तिथून त्यांचं सुरू झालं. माझा जीव भांड्यात पडला. वसुधाताईंनी आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं, अण्णांना वाकून नमस्कार केला आणि बॅग उचलून पळाल्या. अण्णा संकोचून "सरी, सरी" म्हणत मागे सरकले ते थेट सोफ्यावर बसले.

मग अक्कांनी आम्हाला उप्पिट खायला घालूनच सोडलं.

बाहेर पडल्यावर अण्णा म्हणाले, तू जा, ट्रॅफिक लागेल. मी म्हटलं, तुमची पेटी परत लावायचीय, तिच्यातही जुनाच प्रोग्रॅम आहे. ते म्हणाले, माझ्या पेटीला काय होणार आहे. मी ऐकलं नाही.

त्यांचं घर नीटनेटकं होतं, काही म्हणजे काही पसरलेलं नाही. त्यांनी पेटी खिळ्यावर टांगली, मी नवा प्रोग्रॅम घातला. मग विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलंच.

"अण्णा, स्वतःचा नंबर का?"

ते पेटीची वायर सरळ करत राहिले. "धाकट्या भावाचा होता आधी. तो गेला. नाव काढलं, तर पेटी सुरूच होईना. निदान एक नाव पाहिजेच, रिकामं चालत नाही. तो चेक मीच घातलाय."

मला ह्यावर हसू आलं असतं, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर. दुपारी मी ह्या माणसाला कुलूप तोडते म्हणाले होते.

मी त्यांचा फोन मागितला, ॲप उघडलं, त्यांच्या नावाच्या जागी माझं नाव आणि नंबर घातला. ते बघत होते.

"तू व्हाइटफील्डला," ते म्हणाले. "मी इथे पडलो तर तू सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकशील."

"अडकेन. फोन तर उचलेन."

"कामात असशील."

"अण्णा, बटण दाबा."

त्यांनी खिशातून बटण काढलं. गळ्यात ते कधी घालत नसावेत, दोरी नवीकोरी होती. दाबलं. लाल. माझा फोन वाजला, मी उचलला. अण्णा माझ्यापासून दोन हातांवर उभे होते, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करून, पेटीच्या अगदी जवळ जाऊन बोलले, आणि त्यांचा आवाज माझ्या कानात आला.

"ऐकू येतंय?"

"येतंय, अण्णा."

टेस्ट पास झाली होती. आता फोन ठेवायचा असतो. त्यांनी ठेवला नाही.

"घरी पोचलीस की फोन कर," ते पेटीला म्हणाले.

"करते," मी फोनमध्येच म्हणाले.